सरळ कड येते कुठून?

गोल काढायला गोल वस्तू लागत नाही. दोन वाकड्या काड्या एका टोकाला जोडा, एकीचं मोकळं टोक रोवा, दुसरीचं फिरवा, वर्तुळ तयार. या कंपासच्या अंगात गोलाई कुठेही नसते, तरी त्याच्यातून निर्दोष वर्तुळ निघतं. सरळ रेघेचं तसं नाही. ती मारायला आपण पट्टी घेतो, आणि पट्टी करते काय, तर स्वतःची कड कागदावर उतरवते. कड सरळ असेल तर रेघ सरळ. मग त्या पट्टीची कड सरळ कोणी केली? दुसऱ्या कुठल्या तरी पट्टीने. आणि तिची?

भूमितीच्या वहीत हा प्रश्न कोणाला छळत नाही, कारण तिथे पट्टी दप्तरातून निघते. पण प्लायवूडची ८ फुटी शीट समोर आडवी पडलेली आहे आणि तिचे लांबीत दोन भाग करायचे आहेत, तेव्हा तो टाळता येत नाही. ८ फुटांची सरळ कड आणायची कुठून? कट मारायला यंत्र आहे, पातं नवं आहे, पेन्सिल कानावर आहे. सरळपणा तेवढा घरात नाही.

‘हात बसला की कट सरळ येतो’ असं बरेच जण सांगतात. मला ते फारसं पटत नाही. हाताची रचना बघा. खांदा, कोपर, मनगट, सगळे सांधे, आणि सांध्याभोवती फिरणारी कुठलीही गोष्ट कंसातच फिरते. सांध्यांतून सरळ रेघ काढणं किती अवघड आहे, याचा इतिहासात चांगला पुरावा आहे. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनात दट्ट्या सरळ वर-खाली जायचा, पण त्याला जोडलेल्या तुळईचं टोक कंसात फिरायचं. दोघांचा मेळ घालायला त्याने १७८४ मध्ये दांड्यांची एक जोडणी काढली. तिच्यातून निघणारी रेघही जवळजवळ सरळ होती, पूर्ण नाही. तरी आपल्या इतर कुठल्याही यांत्रिक शोधापेक्षा या जोडणीचा अभिमान जास्त वाटतो, असं वॅटने पुढे लिहून ठेवलं. एकाच सपाटीत हलणाऱ्या दांड्यांमधून गणिती अर्थाने अचूक सरळ रेघ निघाली ती १८६४ मध्ये, शार्ल-निकोला पोसेलिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या सात दांड्यांच्या रचनेतून. मधे ८० वर्षं गेली. तेव्हा सुट्टीच्या दिवशी खांद्या-कोपराच्या जोरावर ८ फूट सरळ कापायला निघालेल्या माणसाने कट वाकडा आला म्हणून हाताला दोष देऊ नये. हाताचं ते कामच नाही.

मग हातकरवतीने सरळ कापणारे जुने कारागीर? ते आहेतच, आणि त्यांचं काम बघत राहावं असं असतं. पण नीट पाहिलं तर तिथेही सरळपणा हातातून येत नाही. करवतीचं पातं रुंद असतं आणि स्वतःच सरळ असतं. पहिली बोटभर चीर नीट पडली की मागचं रुंद पातं त्याच चिरेत अडकून पुढच्याला दिशा देतं. कारागिराचं कसब सुरुवातीच्या त्या चिरेत, आणि नंतर पात्याला आड न येण्यात. त्यातले काही जण तर चकचकीत पात्यात लाकडाचं प्रतिबिंब बघतात. लाकडाची कड आणि तिचं प्रतिबिंब एका ओळीत दिसलं की पातं काटकोनात आहे, दोन्ही मिळून कोपरा दिसला की कलंडलंय. जिगसॉ ही वर-खाली हलणाऱ्या पात्याची विजेची करवत. तिचं पातं अरुंद आणि लवचीक, म्हणून ती वळणं सुरेख घेते आणि सरळ कापताना भरकटते. पात्यात सरळपणा नसेल तर तो बाहेरून द्यावा लागतो.

बाहेर म्हणजे कुठे, हे एकदा मनात स्पष्ट झालं की अर्धं काम सोपं होतं. कोणाकडूनही उसना न घेता सरळपणा मिळण्याची ठिकाणं थोडी आहेत. ताणलेली दोरी हे पहिलं. ती स्वतःच्या वजनाने मधे झोळ घेते खरी, पण झोळ फक्त खालच्या दिशेने. वरून बघितलं तर, वारा नसेल तर, ती डावी-उजवीकडे जराही सरकत नाही. रंगाच्या पुडीतली दोरी लांब फळीवर ताणून, सरळ वर उचलून सोडली की उमटलेल्या रेघेवर विश्वास ठेवता येतो तो याच कारणाने. उचलताना बोट तिरकं गेलं तर मात्र रेघ वाकडी उमटते, आणि वाकडी आहे हे पटकन कळतही नाही.

दुसरं ठिकाण प्रकाश. फळीचं टोक गालाजवळ धरून, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली की ८ फूट लांबी नजरेत आखडून वीतभर होते. आडवा बाक मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळे समोरून न दिसणारा २ मिलिमीटरचा बाक या कोनातून डोळ्यात भरतो. फुकटचं आणि बिनचूक साधन आहे हे, आणि लाकूड निवडताना लोक ते वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. तिसरं ठिकाण कागदाची घडी. कागद ताणला जात नाही, म्हणून नीट दाबलेल्या घडीची कड सरळच येते. लांबीला कागदाची मर्यादा आहे, पण छोट्या पट्टीची परीक्षा घ्यायला घडी पुरते.

बाकी सगळीकडे सरळपणा उसनाच असतो.

प्लायवूडच्या बाबतीत तो कारखान्याकडून येतो. ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरची शीट कारखान्यातल्या मोठ्या करवतींमधून कापून निघते आणि तिच्या चारही कडा बऱ्याचदा घरात कोणालाही करता येणार नाहीत इतक्या सरळ असतात. पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे हवेतल्या ओलीने ती लांबी-रुंदीत फारशी हलत नाही. शीट जाडीच्या दिशेने झोळ खाईल, पोपडा धरील, पण तिची कड सहसा बाक घेत नाही. म्हणून नवी शीट आली की पहिल्यांदा तिच्या एका लांब कडेवरून हातभर रुंदीची पट्टी कापून वेगळी ठेवावी, आणि कारखान्याची कड कुठली ते तिच्यावर लिहून टाकावं. लिहिलं नाही तर पुढच्या वेळी दोन्ही कडा सारख्याच दिसतात. कोपरे बघून घ्यावेत. वाहतुकीत शीट कोपऱ्यावर आपटते आणि कडेचा शेवटचा इंचभर भाग फुगतो किंवा दबतो, आणि क्लॅम्प नेमका तिथेच लागतो.

उसन्या कडेची परीक्षा घेण्याची रीत सोपी आहे. शीटवर किंवा सपाट जमिनीवर कडेने बारीक टोकदार रेघ मारायची. मग पट्टी उलटवायची, वरचा चेहरा खाली, आणि रेघेच्या दुसऱ्या बाजूला ठेवून तीच दोन टोकं जुळवून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर कड सरळ. मधे फट दिसली तर खरी चूक फटीच्या निम्मी. दोष दुप्पट करून दाखवणारी ही परीक्षा मला फार आवडते, कारण अर्ध्या मिलिमीटरचा बाक डोळ्याला निसटतो, पण एका मिलिमीटरची फट निसटत नाही. एक खबरदारी मात्र हवी. पट्टी उलटवायची आहे, नुसती गरकन फिरवून तिची टोकं अदलाबदल करायची नाहीत. अर्ध्या लांबीत एका बाजूला आणि उरलेल्या अर्ध्यात तितकाच दुसऱ्या बाजूला बाक असेल, तर फिरवलेली पट्टी आपल्याच रेघेवर अचूक बसते आणि वाकडी असून सुटते. गुण्याचीही परीक्षा अशीच, उलटवून. फक्त तो टेकवायला आधी एक सरळ कड हवी, म्हणजे पुन्हा पहिला प्रश्न आलाच.

आता सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल फिरत्या पात्याची, हातात धरायची विजेची करवत. तिच्या तळपत्र्याची कड पट्टीला लावून चालवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पात्यापासून तळपत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून पट्टी रेघेपासून तितकी मागे लावायची. इथे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे झुकलेले असतात हे विसरून चालत नाही. मोजायचं ते ठेवायच्या तुकड्याकडे झुकलेल्या दाताच्या टोकापासून, पात्याच्या अंगापासून नाही. आणि तळपत्र्याच्या डाव्या-उजव्या बाजूंची अंतरं वेगळी असतात.

पण हे मोजणंच काढून टाकणारी युक्ती आहे आणि घरच्या वर्कशॉपमध्ये तिच्याइतकी कामाची दुसरी वस्तू मला सापडलेली नाही. ६ मिलिमीटर प्लायची एक रुंद पट्टी घ्यायची. तिच्यावर कारखान्याची कड असलेली दुसरी अरुंद पट्टी चिकटवायची आणि स्क्रू मारायचे. वरच्या पट्टीच्या कडेपुढे खालची पट्टी सॉच्या तळपत्र्यापेक्षा जरा जास्तच रुंद ठेवायची. मग सॉ वरच्या पट्टीला लावून एकदा पूर्ण लांबी चालवायची. खालच्या पट्टीचा जादा भाग कापून पडतो, आणि जी कड उरते ती म्हणजे हे पातं, या यंत्रात, बरोबर जिथे कापतं ती जागा. यापुढे ही कड पेन्सिलच्या रेघेवर ठेवायची, क्लॅम्प लावायचे, चालवायचं. बेरीज-वजाबाकी नाही. गाइडने स्वतःचं माप स्वतःच्या अंगावर कापून घेतलेलं असतं. पातं बदलून वेगळ्या जाडीचं लावलं की ते माप खोटं ठरतं, तेवढं पात्याच्या नावानिशी गाइडवर लिहून ठेवायचं. वरची पट्टी जाड नको, १२ मिलिमीटर पुरे, नाहीतर खोल कटाला मोटरचं पोट तिच्यावर आदळतं. आणि खालच्या पट्टीची जाडी कटाच्या खोलीतून वजा होते.

रुंद पट्टी का, ॲल्युमिनियमची सडपातळ नळी का नाही? नळी सरळ असते, हलकी असते, दिसायला झोकदार असते. पण क्लॅम्प लागतात दोन टोकांना, आणि मधल्या ४ फुटांत सॉ तिला ढकलत राहते. त्या ढकलण्याने नळी केसभर वाकते आणि कट मधे पोट घेतो, नंतर नळी पुन्हा सरळ होऊन निरपराध दिसते. बाकाच्या दिशेने रुंदी दुप्पट केली की तेवढ्याच जोराने येणारा बाक आठपट कमी होतो. प्लायच्या वीतभर रुंद पट्टीला म्हणूनच नळीइतका कडक धातू असण्याची गरज पडत नाही.

कापताना शीट कशावर ठेवली आहे, याच्यावर मी पात्यापेक्षा जास्त वेळ घालवतो. दोन टोकांना दोन घोडे (शीट टेकवायच्या लाकडी अडण्या) आणि मधे कट, ही मांडणी वाईट. कट पुढे गेला की शीट मधे खचते, चीर वरच्या बाजूला मिटते, पातं चिमटलं जातं आणि यंत्र उसळून अंगावर येतं. थर्माकोलचा जाड ताव जमिनीवर टाकून त्यावर शीट ठेवली की दोन्ही तुकड्यांना शेवटपर्यंत पूर्ण आधार राहतो, आणि पातं खाली जेमतेम ५ मिलिमीटर निघेल एवढंच ठेवलं की थर्माकोलही वर्षानुवर्षं टिकतो. डोळ्यांवर चष्मा, कानांवर काहीतरी, आणि भुशासाठी मास्क. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, तेव्हा ‘नुसतं लाकूडच तर आहे’ हा युक्तिवाद संपलेला आहे.

चांगली बाजू कुठे, वर की खाली? सर्क्युलर सॉचे दाते खालून वर येतात, म्हणून पापुद्रा वरच्या बाजूला उचकटतो. चांगली बाजू खाली. टेबल सॉमध्ये पातं टेबलातून वर डोकावतं आणि दाते वरून खाली येतात, तिथे चांगली बाजू वर. जिगसॉ बहुतेक पात्यांनी वर ओढताना कापते, हातकरवत ढकलताना. दाते ज्या बाजूने लाकडातून बाहेर पडतात ती बाजू फाटते, एवढं लक्षात ठेवलं की पाठांतर लागत नाही. वर सांगितलेल्या गाइडचा इथे आणखी एक फायदा होतो. तिची कड बरोबर कटाला लागून असल्याने ती वरचा पापुद्रा दाबून धरते, आणि ठेवायच्या तुकड्याची कड वरूनही स्वच्छ येते. फेकायचा तुकडा फाटतो, त्याला फाटू द्यावं. व्हिनियरच्या, म्हणजे वरच्या पातळ पापुद्र्याच्या, तंतूंना आडवं कापायचं असेल तर रेघेवर आधी धारदार चाकू चालवावा. चिकटपट्टीपेक्षा चाकू खात्रीचा.

पातं स्वतःची जाडी खातं, याचा हिशेब मात्र कागदावरच करावा. १२२० मिलिमीटर रुंदीतून तीन सारखे तुकडे हवेत म्हणून कोणी ४०६.७ आणि ८१३.३ वर रेघा मारून ठेवतो. पातं ३ मिलिमीटरचं असेल आणि प्रत्येक रेघेच्या उजवीकडून चाललं, तर पहिला तुकडा ४०६.७ चा येतो आणि उरलेले दोन ४०३.७ चे. दोन कटांनी ६ मिलिमीटर खाल्ले, म्हणजे हिशेब १२१४ भागिले तीनचा. शीट कमी भरली असं म्हणत लोक मापपट्टी हलवून बघतात.

आणि सरळ म्हणजे काटकोनात नव्हे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या की कर्ण मोजावेत. २४४० बाय १२२० च्या शीटचा कर्ण २७२८ मिलिमीटर येतो, पण आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. गुण्याची दांडी वीतभर, शीट आठ फुटी. वीतभरातली न दिसणारी चूक आठ फुटांवर चांगली दिसते. लांब मापांना कर्णच हवा.

किती सरळ म्हणजे पुरेसं सरळ, हा प्रश्न लोक टाळतात आणि मग एकतर सगळीकडे निष्काळजी राहतात किंवा सगळीकडे रक्त आटवतात. कपाटाच्या पाठीला ८ फुटांत २ मिलिमीटर बाक असला तर कोणाचं काही बिघडत नाही. दाराच्या पल्ल्याला तेवढा चालत नाही, कारण शेजारच्या पल्ल्याची कड लागलीच साक्ष देते. दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या असतील तर तिथे मिलिमीटर हे मापच जाड पडतं. शेजारी काय येणार आहे, यावर सरळपणाची गरज ठरते.

प्लायवूडचं इतकंच. खरी गंमत आहे कच्च्या फळीत, कारण तिथे उसनं घ्यायलाही काही नाही.

करवतीखालून निघालेली, वाळवलेली फळी चार तऱ्हांनी वाकडी असू शकते. कडेच्या दिशेने बाक, पृष्ठाच्या दिशेने बाक, रुंदीत खोलगटपणा आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे पीळ. लाकूड ओलसर असतं तोवर त्याच्या पेशींच्या भिंती पाण्याने भरलेल्या असतात. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की भिंती आकसू लागतात. हे आकसणं सगळीकडे सारखं नसतं. वर्षवलयांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं आणि लांबीत जवळजवळ नसतंच. फळी म्हणजे गोल खोडातून काढलेला चौकोन, त्यात वलयं एका कोपऱ्यात उभी, दुसऱ्यात आडवी. मग ती खोलगट होणार नाही तर काय. उतारावर वाढलेल्या किंवा झुकलेल्या झाडाच्या लाकडात जन्मापासूनचा ताणही कोंडलेला असतो. अशी फळी उभी चिरली की दोन भाग डोळ्यांदेखत एकमेकांपासून फाकतात, कधी उलट मिटून पात्याला चिमटतात.

म्हणून कच्च्या फळीची वाकडी कड टेबल सॉच्या फेन्सला, म्हणजे पात्याला समांतर बसवलेल्या आडपट्टीला, लावून ‘दुसरी बाजू तरी सरळ करून घेऊ’ हा विचार धोक्याचा. फेन्सच्या बाजूची कड डुलते, तिच्याबरोबर फळी वळते, पातं अडकतं. शिवाय फायदाही नाही. फेन्स कडेला समांतर कापते, कड सरळ करत नाही. वाकड्याला समांतर म्हणजे वाकडंच.

उपाय पुन्हा उसना घेण्याचा. प्लायची एक लांब, सरळ कडेची पट्टी घ्यावी, तिच्यावर कच्ची फळी स्क्रूने किंवा क्लॅम्पने घट्ट बसवावी, म्हणजे फळीची वाकडी बाजू पट्टीच्या एका कडेबाहेर डोकावेल. आता फेन्सला लागते ती पट्टीची दुसरी, सरळ कड, आणि कापली जाते ती फळी. स्क्रू नंतर कापून जाणाऱ्या टोकांत बसवले की भोकं राहत नाहीत, आणि पात्याच्या वाटेत अर्थातच नकोत. टेबल सॉ नसेल तर वरची गाइड आणि सर्क्युलर सॉ हेच काम करतात. दोरीने रेघ उमटवायची, गाइड तिच्यावर ठेवायची. फळी डुगडुगत असेल तर खाली पाचरी सारून ती आधी स्थिर करायची. राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने कड कोरणारं यंत्र, असेल तर खालच्या सरळ पट्टीवर त्याच्या पात्याचं बेअरिंग (टेकून फिरणारं चाक) टेकवून कड खरवडून काढता येते. राउटर कडेकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे न्यायचा, उलटा नेला तर तो हातातून पळतो. बेअरिंगचं एक ध्यानात ठेवावं. ते पट्टीतला खड्डा, गाठ, वाळलेला गोंदाचा थेंब, सगळं इमानेइतबारे उतरवतं.

मुख्य म्हणजे घाई नको. कच्ची फळी हव्या त्या मापापेक्षा ५-६ मिलिमीटर रुंद चिरून दोन-चार दिवस उभी ठेवून द्यावी, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी. कोंडलेला ताण सुटून ती वाकायची तेवढी वाकते. मग उरलेल्या ५-६ मिलिमीटरमधून खरी सरळ कड काढायची. पहिल्याच दिवशी अचूक मापात कापलेली फळी तिसऱ्या दिवशी त्या मापाची असतेच असं नाही, आणि मग भरून काढायला लाकूड उरलेलं नसतं.

यंत्राने आलेली कड जोडासाठी पुरत नाही, पात्याच्या दातांचे वळ राहतात. तिथे रंधा लागतो, आणि लांब रंधा लागतो. ७ नंबरचा रंधा साधारण २२ इंच लांब असतो. त्याची लांबी मिरवायला नसते. आखूड रंधा फळीच्या उंचवट्यांवर चढतो, खळग्यांत उतरतो आणि वाकडी कड गुळगुळीत करून देतो. लांब रंधा खळग्यांवरून पुलासारखा जातो आणि फक्त उंचवटे कापतो. तरीही नुसता टोकापासून टोकापर्यंत मारत राहिलं तर कड मधे फुगीर होत जाते, कारण सुरुवातीला आणि शेवटी रंधा अर्धा हवेत असतो आणि टोकं जास्त कापतो. यावर जुना इलाज आहे. दोन्ही टोकं दोन-दोन बोटं सोडून फक्त मधे मारत राहायचं, रंधा कापायचा थांबेपर्यंत. तो थांबला म्हणजे मधे त्याच्या लांबीला जमेल तेवढा खळगा झाला. मग पूर्ण लांबीचे हात. पहिलं सालपट तुटक निघतं, नंतर लांबत जातं, आणि टोकापासून टोकापर्यंत एकसंध निघालं की थांबायचं. आणखी एक हात मारायचा मोह होतो. तो मारू नये, तिथून पुढे फुगीरपणा परत सुरू होतो.

एकमेकींना चिकटवायच्या दोन फळ्या असतील तर त्या पुस्तकासारख्या मिटून, कडा वर करून, शिकंज्यात एकत्र धराव्यात आणि दोन्हींवर एकदम रंधा मारावा. रंधा जरा कलंडला तरी बिघडत नाही. एका कडेचा कोन ९१ अंश झाला तर दुसरीचा ८९, आणि फळ्या उघडून जोडल्या की बेरीज १८०. कोनाची चूक स्वतःच फिटते. बाकाची मात्र फिटत नाही. दोन्ही कडा सारख्याच फुगल्या असतील तर जोडल्यावर फट दुप्पट होते. एकाच कृतीत एक दोष नाहीसा होतो आणि दुसरा उघडा पडतो, दोन्ही आपल्या सोयीचं. फळी फळीवर उभी ठेवून मागे दिवा धरावा. कागदाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक फटीतूनही उजेड येतो. वरची फळी हलकेच फिरवून बघावी. मधल्या बिंदूवर भिंगरते तर तिथे फुगवटा आहे, टोकांना घासत फिरली तर ठीक.

पण दोन फळ्यांमधून उजेड आला नाही म्हणजे दोन्ही सरळ, असं मात्र नाही. वेगवेगळ्या रंधलेल्या असतील तर एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असू शकते, आणि त्या एकमेकींत छान बसतील. यातून बाहेर पडायला तिसरी लागते. पहिली दुसरीवर बसली, दुसरी तिसरीवर बसली आणि तिसरी पहिलीवरही बसली, तर तिघींना सरळ असण्यावाचून गत्यंतर राहत नाही, कारण तीन फुगीर-खोलगट अशा जोड्या जुळवताच येत नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या सभेत धातूचे खरे सपाट पृष्ठभाग कसे करावेत हे मांडलं, त्याच्या मुळाशी हीच तिघींची तपासणी होती, आणि अचूक यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांची पुढची सगळी पिढी अशा पृष्ठभागांवर मोजून घडली. इथे सरळपणा कोणाकडून उसना घेतलेला नाही. तीन वाकड्या वस्तू एकमेकींना घासून, तपासून, सरळ झाल्या आहेत. सुताराला तिसरी फळी शोधावी लागत नाही, कागदावरची रेघ ते काम करते. पट्टी उलटवून मारलेल्या दुसऱ्या रेघेत आपण तिला तिच्याच जुन्या आठवणीशी भिडवतो.

मी वापरतो ती लाकडी सरळपट्टी अशीच केलेली आहे, आणि मोठ्या कामाआधी ती दर वेळी उलटवून तपासतो, कारण पावसाळ्यात तिचं मत बदलतं.

आता इतकं सगळं करून कड सरळ आली, उजेड यायचा बंद झाला, तर चिकटवायच्या फळ्यांसाठी ती थोडी बिघडवावी लागते. फळीची टोकं मधल्या भागापेक्षा लवकर ओल सोडतात, कारण टोकांना तंतूंच्या नळ्या उघड्या असतात. कोरड्या हवेत टोकं आधी आकसतात आणि अचूक सरळ जोड तिथून उघडतो. म्हणून दोन्ही कडांच्या मधल्या भागात रंध्याचा एकेक बारीक हात जास्त मारायचा, टोकं न मारता. जोडल्यावर मधे उजेडाची एक बारीक रेघ दिसली पाहिजे आणि टोकं घट्ट टेकलेली असली पाहिजेत. मग क्लॅम्पने मधे आवळलं की टोकं आपोआप दाबली जातात, आणि त्यांच्या आकसण्याला थोडी शिल्लक राहते. शिल्लक किती ठेवायची याचं माप पट्टीवर नसतं. डिंक न लावता, मधे एकच क्लॅम्प हलक्या हाताने फिरवून बघायचा. फट मिटली तर डिंकाची बाटली उघडायची, जोर लावावा लागला तर फळ्या परत शिकंज्यात.